संगणकातला वारा आणि धारणीचा वारा

हवा डोळ्यांना दिसत नाही, ही विज्ञान शिकवणाऱ्यांची जुनी अडचण आहे. उष्ण हवा वर जाते हे फळ्यावर बाण काढून सांगावे लागते. फार तर उदबत्तीचा धूर सोडून क्षणभर दाखवता येते. संगणकाने ही अडचण दूर केली आहे असे वाटते. हरितगृहाचे, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलण्यातल्या पॉलीहाऊसचे, उभे छेदचित्र पडद्यावर येते. त्यात तापमानाचे लाल, पिवळे, निळे पट्टे असतात. शेकडो बारीक बाण बाजूच्या पडद्याखालून आत शिरतात, रोपांवरून वळसा घेतात आणि छताच्या झरोक्यातून बाहेर पडतात. पाहणाऱ्याला वाटते, हे हवेचे छायाचित्रच आहे.

ते छायाचित्र नाही. ते एका लांबलचक आकडेमोडीचे उत्तर आहे. उत्तर म्हटले की ते बरोबर आहे का, कोणत्या गृहीतांवर उभे आहे आणि कुणी पडताळले आहे, हे विचारणे आलेच. प्रस्तुत लेखात या आकडेमोडीची अशीच परीक्षा करायची आहे.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. २००५-०६ साली राष्ट्रीय फलोत्पादन अभियान सुरू झाले आणि अनुदानामुळे पॉलीहाऊस व शेडनेट हे शब्द महाराष्ट्रात गावोगाव पोचले. अनुदान मिळाले तरी उरलेला खर्च शेतकऱ्याचाच असतो आणि तो पुष्कळदा कर्जाचा असतो. हरितगृहाचे तंत्र मुख्यतः थंड किंवा सौम्य हवामानाच्या देशांत वाढले. तेथे मोठी चिंता आतील ऊब टिकवण्याची होती; आपल्याकडे ती आतील उष्णता बाहेर काढण्याची आहे. हवा खेळती राहिली नाही तर फुले करपतात, परागकण निकामी होतात, फळधारणा होत नाही. पीक जाते आणि हप्ता राहतो. म्हणून ‘आराखडा संगणकावर तपासलेला आहे’ या वाक्याचे वजन किती मानायचे, हे समजून घेणे जरूर आहे.

उदाहरणासाठी आपण अमरावती जिल्ह्यातील धारणी घेऊ. मेळघाटातल्या या तालुक्याच्या बाजूने तापी वाहते, सभोवती सातपुड्याच्या रांगा आहेत. वऱ्हाडातला उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. अकोल्याला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा प्रदेशात, डोंगरांनी वेढलेल्या जागी, १० गुंठ्यांचे पॉलीहाऊस उभारायचे आहे असे समजू.

पुण्याच्या अभियंत्याची पद्धत

वाऱ्याचे गणित संगणकाला कसे करता येते, हे सांगताना एका मराठी शास्त्रज्ञाचे नाव घ्यावेच लागते. सुहास पाटणकर यांचा जन्म १९४१ साली पुण्यात झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६२ साली पदवी आणि मुंबईच्या आय.आय.टी.तून १९६४ साली पदव्युत्तर पदवी घेऊन ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये गेले. तेथे ब्रायन स्पाल्डिंग यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९६७ साली डॉक्टरेट मिळवली. पुढे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ते दीर्घकाळ प्राध्यापक होते. १९७२ साली पाटणकर आणि स्पाल्डिंग यांनी ‘सिम्पल’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जाणारी पद्धत प्रसिद्ध केली. आज जगभर वापरात असलेल्या अनेक प्रवाह-आकडेमोडीच्या आज्ञावलींत ही पद्धत किंवा तिच्या सुधारित आवृत्त्या आहेत.

पद्धतीचे मर्म शाळेतल्या गणिताने कळण्यासारखे आहे. पॉलीहाऊसमधील हवेचे लहान लहान चौकोनी कप्पे पाडले आहेत अशी कल्पना करा. प्रत्येक कप्प्यासाठी तीन नियम पाळायचे: जितकी हवा आत आली तितकी बाहेर गेली पाहिजे, हवेचा वेग बदलला तर त्याला कारण असलेले बल दाखवता आले पाहिजे, आणि उष्णतेची आवक-जावक जुळली पाहिजे. अडचण दाबाची आहे. वेग काढण्यासाठी दाब माहीत हवा, पण दाबासाठी वेगळे समीकरण नाही. ‘सिम्पल’ पद्धतीत प्रथम दाबाचा अंदाज धरतात आणि त्यावरून वेग काढतात. मग प्रत्येक कप्प्यात हवेचा हिशोब तपासतात. एखाद्या कप्प्यात हवा साठत असेल तर तेथील दाब थोडा वाढवतात, कमी पडत असेल तर घटवतात आणि पुन्हा वेग काढतात. असे शेकडो वेळा केल्यावर सर्व कप्प्यांचा हिशोब जुळतो.

पाटणकरांचे ‘न्यूमेरिकल हीट ट्रान्स्फर अँड फ्लुइड फ्लो’ हे १९८० सालचे पुस्तक या विषयात प्रमाणभूत मानले जाते आणि ते त्या मानाला पात्र आहे. गणिती अवडंबर न माजवता, उत्तर भौतिक दृष्ट्या समंजस असले पाहिजे, हा आग्रह त्यात पानोपानी दिसतो. दोन शेजारी कप्प्यांच्या सामाईक भिंतीवरून जाणारी उष्णता दोन्ही कप्प्यांच्या हिशोबात एकच असली पाहिजे. शेजारचा कप्पा तापला तर हाही तापला पाहिजे, थंड होता कामा नये. असे साधे दंडक पाटणकरांनी पद्धतीच्या पायात घातले. याचा फायदा असा की, कप्पे मोठे आणि थोडे असले तरी एकूण ताळेबंद जुळतोच.

मात्र याच गुणातून एक गैरसमज निपजतो, आणि तो वापरणाऱ्यांचा आहे, पाटणकरांचा नव्हे. पद्धतच अशी घडवली आहे की हिशोब जुळतो. त्यामुळे हिशोब जुळला हा उत्तर खरे असल्याचा पुरावा होऊ शकत नाही. दुकानाच्या वहीत जमा आणि खर्च जुळले म्हणजे बेरीज बरोबर आहे इतकेच कळते. नोंदवलेला माल खरोखर गोदामात आहे की नाही, हे पाहायला गोदामातच जावे लागते.

हवामापकाने पकडलेली चूक

या संदर्भात एक जुने उदाहरण शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावे. इंग्रज शास्त्रज्ञ लुइस फ्राय रिचर्डसन यांनी संगणक येण्याच्या कितीतरी आधी, हवेची समीकरणे आकड्यांनी सोडवून हवामानाचा अंदाज काढण्याची कल्पना मांडली. त्यांचे पुस्तक १९२२ साली प्रसिद्ध झाले. २० मे १९१० या दिवसाच्या नोंदी घेऊन त्यांनी मध्य युरोपातील एका ठिकाणच्या हवेच्या दाबात सहा तासांत किती बदल होईल, हे हाताने आकडेमोड करून काढले. उत्तर आले १४५ मिलिबार. एवढा बदल प्रचंड वादळातही सहा तासांत होत नाही. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ स्थिर होता.

समीकरणे चुकीची नव्हती. सुरुवातीच्या नोंदींत वारा आणि दाब यांचा परस्पर मेळ नव्हता आणि ती विसंगती आकडेमोडीत फुगत गेली. पुढे पीटर लिंच यांनी त्याच नोंदी आधी सारख्या करून घेऊन रिचर्डसनांची पद्धत पुन्हा चालवली, तेव्हा समंजस उत्तर मिळाले. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, समीकरणे बरोबर असूनही उत्तर चुकू शकते. दुसरी, रिचर्डसनांची चूक कळली कारण त्या ठिकाणी हवेचा दाब मोजलेला होता. आणि त्यांनी ते फसलेले उत्तर लपवले नाही, पुस्तकात छापले. हरितगृहाच्या रंगीत चित्राबरोबर मोजलेले आकडे नसतील तर ते चित्र चुकले आहे हे कळणार कसे?

हरितगृहाच्या अभ्यासाचा इतिहासही हेच सांगतो. संगणकावर हरितगृहातील वायुवीजन अभ्यासण्याचा पहिला ठळक प्रयत्न १९८९ साली जपानमधील ओकुशिमा, सासे आणि नारा यांनी केला. त्यांनी आपली उत्तरे, वातविवरात (कृत्रिम वाऱ्याच्या बोगद्यात) हरितगृहाची प्रतिकृती ठेवून आधी घेतलेल्या मापनांशी ताडून पाहिली. मेळ फारसा बसला नाही. तेव्हाच्या संगणकांची ताकद तोकडी होती. तरीही हे काम महत्त्वाचे ठरले, कारण त्यांनी तुलना केली आणि ती प्रसिद्ध केली. १९९७ साली मिस्त्रिओतिस आणि सहकाऱ्यांनी वारा नसताना किंवा अगदी मंद असताना काय होते हा प्रश्न हाती घेतला. भूमध्य सागराभोवतीच्या उन्हाळ्यात ही परिस्थिती वारंवार येते आणि आपल्याकडच्या दऱ्याखोऱ्यांनाही ती अपरिचित नाही. नंतरच्या वर्षांत कीटकरोधक जाळी, पिकाचा अडथळा, जोडहरितगृहे अशा बाबी आकडेमोडीत येत गेल्या. चांगल्या अभ्यासांची खूण एकच: संगणकाच्या आकड्याशेजारी मोजलेला आकडा असतो.

धारणीचे गणित, कागद-पेन्सिलीने

संगणकाकडे जाण्याआधी उत्तर साधारण किती यावे, हे हाताने काढून पाहू. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हे सहज जमेल.

१० गुंठे म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटर. आपले पॉलीहाऊस ५० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि सरासरी ४ मीटर उंच धरू. म्हणजे आत ४,००० घनमीटर हवा आहे. उन्हाळ्यात दुपारी प्रत्येक चौरस मीटरवर साधारण ९०० वॉट ऊन पडते. प्लास्टिकमधून त्यातील ७० टक्के आत आले तर ६३० वॉट झाले. पीक वाढलेले असेल आणि त्याला भरपूर पाणी असेल, तर यातील सुमारे अर्धी ऊर्जा पानांतील पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. उरलेले ३०० वॉट हवा तापवतात असे धरू. १,००० चौरस मीटरचे मिळून ३ लाख वॉट.

१ घनमीटर हवा १ अंशाने तापवायला सुमारे १,१०० जूल लागतात. आतील हवा बाहेरच्यापेक्षा ४ अंशांहून अधिक तापू द्यायची नसेल, तर सेकंदाला किती हवा बदलली पाहिजे? ३ लाखांना १,१०० आणि ४ यांच्या गुणाकाराने भागा: सुमारे ६८ घनमीटर. म्हणजे ४,००० घनमीटर हवा साधारण एका मिनिटात संपूर्ण बदलली पाहिजे. ‘दर मिनिटाला एकदा हवा बदलावी’ हा हरितगृह अभियंत्यांचा जुना ठोकताळा आपण येथे स्वतःच काढला.

आता एवढी हवा येणार कोठून? दोन्ही लांब बाजूंचे पडदे दीड मीटर उघडले तर एकूण १५० चौरस मीटर उघडी जागा मिळते. त्यातील निम्म्यातून हवा आत येते, निम्म्यातून बाहेर जाते. कडांवरचा अडथळा आणि वाऱ्याच्या दाबातील फरक जमेस धरणारे नेहमीचे सूत्र लावले तर, वाऱ्याचा वेग सेकंदाला १ मीटर असताना आतून सुमारे १५ घनमीटर हवा वाहते आणि वेगाच्या प्रमाणात वाढते. ६८ घनमीटरसाठी सेकंदाला साडेचार मीटर, म्हणजे ताशी १६ किलोमीटर वेगाचा वारा हवा. वारा १ मीटरचाच असेल तर आतील हवा बाहेरच्यापेक्षा १८ अंशांनी तापेल असे गणित सांगते. प्रत्यक्षात इतकी वाढ होण्याआधीच गरम हवा फटींच्या वरच्या भागातून निसटू लागेल आणि काही उष्णता प्लास्टिकमधून जाईल. पण पीक वाचवायला तेवढे पुरणार नाही.

वारा पडला तर छताचा झरोका कामी येतो, कारण गरम हवा हलकी असते. आत-बाहेर ५ अंशांचा फरक आणि ३ मीटरची उंची असेल तर वर जाणाऱ्या हवेचा आदर्श वेग सेकंदाला सुमारे १ मीटर येतो. ५० मीटर लांब आणि १ मीटर रुंद झरोक्यातून, कडांचा अडथळा वजा जाता, सुमारे ३० घनमीटर हवा बाहेर पडेल. ती ३ लाख वॉटपैकी निम्म्याहून थोडी अधिकच उष्णता नेते. म्हणून फरक वाढत जाऊन साडेसात अंशांच्या आसपास स्थिरावेल. तापमानातील फरक दुप्पट झाला तरी वेग दुप्पट होत नाही, जेमतेम १.४ पट होतो, हेही विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखे आहे.

या आकड्यांवरून आणखी एक गोष्ट कळते. केवळ हवा बदलून पॉलीहाऊस बाहेरच्या हवेपर्यंतच आणता येते. बाहेर ४३ अंश असतील तर सर्वोत्तम वायुवीजनही आतली उष्णता त्या पातळीच्या खाली नेणार नाही. त्याखाली नेण्याचे काम पाण्याचे बाष्पीभवन करते, मग ते पानांतून होवो की फवाऱ्यातून. म्हणून नुसती रचना बदलून धारणीच्या मे महिन्यात आतले तापमान ३० अंशांवर आणल्याचे चित्र कुणी दाखवले, तर संगणक कोणता होता हे विचारण्याची गरजच नाही. कागदावरचे हे गणितच त्याला खोटे ठरवते.

गृहीते कोठे दडलेली असतात

असे असेल तर संगणक हवा कशाला? कारण हाताच्या गणिताने एक सरासरी मिळते. मधल्या गादीवाफ्यावर हवा कोंडते का, झरोका कोणत्या बाजूला असावा, जाळी लावल्यावर रोपांच्या उंचीवर वेग किती उरतो, हे कप्प्याकप्प्याचे गणितच सांगू शकते. पण ते सांगताना चार ठिकाणी गृहीते शिरतात, आणि अंतिम चित्रात ती कुठेच दिसत नाहीत.

पहिले गृहीत बाहेरच्या वाऱ्याचे. आकडेमोडीत वारा एका बाजूने, ठरावीक वेगाने, उंचीबरोबर सुरळीत वाढत येतो असे धरतात. सपाट माळावर हे शोभते. डोंगराळ भागात दिवसा तापलेल्या उतारावरून हवा वर चढते, रात्री खाली उतरते, आणि दरी मुख्य वाऱ्याला आपल्या दिशेने वळवते. तेव्हा ‘वारा पश्चिमेकडून, सेकंदाला ३ मीटर’ ही नोंद दूरच्या वेधशाळेतून उचलली असेल, तर चित्र त्या वेधशाळेच्या आवाराचे आहे, धारणीच्या शेताचे नव्हे.

दुसरे गृहीत संक्षोभाचे. वारा सरळ रेषेत वाहत नाही. त्यात लहान-मोठे असंख्य भोवरे असतात. प्रत्येक भोवरा मोजणे अशक्य असल्याने त्यांचा सरासरी परिणाम काही समीकरणांनी धरतात. सर्वांत रुळलेल्या प्रतिरूपाची प्रमाण मांडणी लाँडर आणि स्पाल्डिंग यांनी १९७४ साली केली. त्यात पाच स्थिरांक आहेत. ते निसर्गाचे स्थिरांक नाहीत. प्रयोगशाळेतील साध्या प्रवाहांशी जुळवून घेतलेले आकडे आहेत. टोमॅटोच्या ताटव्यांमधून किंवा जवळजवळ स्थिर हवेत ते तितकेच चालतील याची हमी नसते.

तिसरे गृहीत जाळीचे. पांढरी माशी आणि फुलकिडे रोखण्यासाठी फटींना बारीक जाळी लावतात. तिची छिद्रे मिलिमीटरहून लहान असतात. एक मिलिमीटरचे कप्पे पाडायचे म्हटले तर आपल्या पॉलीहाऊसमध्ये ४ लाख कोटी कप्पे होतील. म्हणून बहुधा २५ सेंटिमीटरच्या आसपासचे कप्पे घेतात, त्यांची संख्या अडीच लाखांवर जाते, आणि जाळीच्या जागी ‘इतका अडथळा’ असा एक आकडा लिहितात. तो आकडा नव्या, स्वच्छ जाळीचा असतो. उन्हाळ्यातील धुळीने अर्धी बुजलेली जाळी वेगळीच वस्तू असते. जाळीमुळे हवेचा ओघ निम्मा झाला, तर आपले ४ अंश ८ होतात.

चौथे गृहीत चित्राच्या आकाराचेच आहे. आकडेमोड आटोक्यात राहावी म्हणून पुष्कळदा फक्त एक उभा छेद घेतात. त्याचा अर्थ असा की घर दोन्ही दिशांना अनंत लांब आहे आणि वारा बरोबर आडवा येतो. वारा घराच्या लांबीला समांतर आला तर काय होईल, याबद्दल असे चित्र काहीच बोलू शकत नाही. आणि दरीतला वारा घराचा आराखडा पाहून येत नाही.

या आकडेमोडीच्या बाजूने नेहमी असे म्हटले जाते की, नेमका आकडा चुकला तरी दोन आराखड्यांतला चांगला कोणता हे तरी कळते. या म्हणण्यात तथ्य आहे आणि व्यवहारात या पद्धतीचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे. एकच हवामान धरून झरोक्याच्या दोन जागांची तुलना केली तर दोन्हींकडे सारख्या शिरलेल्या चुका बऱ्याच अंशी वजा होतात. परंतु हेही बिनशर्त नाही. वारा सेकंदाला दीड-दोन मीटरच्या वर असला तर वायुवीजन मुख्यतः वाऱ्याच्या दाबाने होते. त्याखाली हलक्या हवेच्या उसळीचे महत्त्व वाढते. जोरदार वारा धरून केलेल्या तुलनेत केवळ बाजूचे मोठे पडदे असलेला, स्वस्त आराखडा जिंकेल आणि छताचा झरोका हा अनाठायी खर्च वाटेल. वारा पडलेला धरला तर निकाल उलटेल. म्हणजे चुकीचा वारा धरला तर आकडाच नव्हे, क्रमही चुकतो. खर्च वाचवण्यासाठी झरोका गाळलेले घर वारा नसलेल्या दुपारी भट्टी होईल.

शाळेने करावयाचे काम

यावर उपाय महागडा नाही. संगणकाला सर्वांत जास्त गरज असते ती जागेवरच्या नोंदींची, आणि त्या घेणे माध्यमिक शाळेच्या आवाक्यात आहे. परिसरात पॉलीहाऊस किंवा शेडनेट असेल तर मालकाची परवानगी घेऊन तीन मोजमापे करावीत.

एक, तापमान. जमिनीलगत, पिकाच्या उंचीवर आणि छताखाली असे तीन तापमापक आत, आणि एक बाहेर लावावा. उघड्या उन्हात तापमापक हवेचे नव्हे, स्वतःचेच तापमान दाखवतो. म्हणून कागदी पेल्याला बाहेरून चकचकीत पत्री गुंडाळून, तळ कापून, त्याच्या सावलीत तापमापक टांगावा आणि वरून-खालून हवा जाऊ द्यावी. दुपारी १२ ते ३ दर अर्ध्या तासाने नोंद घ्यावी. आत-बाहेरचा फरक मिळाला की वरचे गणित उलटे करून सेकंदाला किती हवा बदलते, त्याचा अंदाज काढता येतो.

दोन, दिशा. प्रत्येक फटीशी उदबत्ती धरून धूर आत जातो, बाहेर येतो की घोटाळतो, हे आराखड्यावर बाणांनी मांडावे. संगणकाच्या चित्रातले बाण याच बाणांशी ताडायचे आहेत. प्लास्टिक आणि जाळी जवळ असल्याने पेटती उदबत्ती हातभर लांब ठेवावी आणि हे काम शिक्षकांनी स्वतः करावे.

तीन, वारा. चार वाट्यांचा वातवेगमापक मुलांना बनवता येतो. पहाटे वारा पडलेला असताना मोटारसायकलवर मागे बसलेल्या मोठ्या माणसाने तो धरावा आणि ताशी १८ किलोमीटर वेगाला मिनिटाला किती फेरे होतात ते मोजावे. हा वेग सेकंदाला ५ मीटर होतो. याच रीतीने दोन-तीन वेग घेऊन आलेख काढला की मापक तयार. मग महिनाभर सकाळ, दुपार, संध्याकाळ वेग आणि दिशा टिपावी. गावातील वडीलधाऱ्यांनाही विचारावे. खळ्यावर उफणणी करणाऱ्याला वारा कोणत्या वेळी, कोणत्या अंगाने येतो हे पक्के ठाऊक असते. त्याचे सांगणे आणि मापकाची नोंद यांचा मेळ बसतो का, हा मुलांसाठी चांगला प्रकल्प होईल.

अशी महिनाभराची वही अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या संस्थेतील अभ्यासकाला किंवा आराखडा करून देणाऱ्या अभियंत्याला दाखवली तर तिचा उपयोग आहे. निदान शेतकऱ्याला तीन प्रश्न विचारता येतील: या चित्रात वारा किती आणि कोणत्या बाजूचा धरला आहे? जाळी धरली आहे का, आणि ती स्वच्छ की धुळीची? आतील तापमान कुठे मोजून पाहिले आहे? या तिन्हींची उत्तरे मिळाली तर चित्राचा जरूर उपयोग करावा. न मिळाली तर पैसे भरण्याआधी थांबावे आणि आधी जागेवरचा वारा मोजावा.